पाय चालतात, यकृत सावरतं

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकमध्ये जॉन किर्वान आणि सिएरन फीली यांच्या गटाने १३ माणसांना सलग ७ दिवस ट्रेडमिलवर चालवलं. रोज एक तास, तेही चांगला दम लागेल अशा वेगाने. सगळेच लठ्ठ होते आणि सगळ्यांच्या यकृतात मेद साचलेला होता. आठवडाभरात कोणी सडपातळ होत नाही, आणि तशी कोणाची अपेक्षाही नव्हती. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात संशोधकांचं लक्ष होतं रक्तातल्या एका प्रथिनाच्या तुकड्यांवर.

त्या प्रथिनाचं नाव सायटोकेरॅटिन-१८. यकृताच्या पेशीच्या आत धाग्यांचा एक सांगाडा ताणलेला असतो, तो पेशीला आकार देतो. त्यातलं हे प्रमुख प्रथिन. पेशी मरणाच्या वाटेला लागली की तिच्यातलीच काही विकरं हा सांगाडा ठरावीक जागी कापतात आणि ते तुकडे रक्तात उतरतात. रक्तात असे तुकडे वाढले, तर यकृतात पेशी मरण्याचा वेग वाढला असं डॉक्टर मानतात. ७ दिवसांच्या चालण्यानंतर हे तुकडे कमी झाले. वजनकाट्यावर दाखवण्याजोगं काहीही नसताना यकृताच्या पेशींनी व्यायामाची दखल घेतली होती.

फॅटी लिव्हर निघालं की आपल्याकडे पहिला सल्ला मिळतो वजन कमी करण्याचा. सल्ला बरोबर आहे, पण अपुरा आहे. माणूस चालायला लागतो, महिनाभर नेमाने चालतो, काट्यावर उभा राहतो आणि आकडा तिथेच पाहून निराश होतो. मग चालणं बंद पडतं. त्या महिन्यात आपल्या यकृतात काय काय सुधारत होतं, हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं. ते सविस्तर सांगावं म्हणून हे प्रकरण.

आधी पेशीकडे जाऊ. यकृताचं वजन साधारण सव्वा ते दीड किलो, आणि त्यातली बहुतेक जागा यकृतपेशींनीच व्यापलेली असते. आतड्यातून शोषलेलं बहुतेक सगळं पोर्टल शिरेतून आधी यांच्या दारात येतं. साखर साठवायची, लागेल तेव्हा सोडायची, प्रथिनं बनवायची, औषधं आणि विषं निकामी करायची, पित्त तयार करायचं, ही सगळी कामं याच पेशी करतात. इतक्या कामाला ऊर्जा लागते, म्हणून एकेका पेशीत हजार-दोन हजार तंतुकणिका असतात. तंतुकणिका म्हणजे पेशीतली ऊर्जा तयार करणारी यंत्रं. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना ती मायटोकॉन्ड्रिया म्हणून माहीत असतात.

निरोगी यकृतपेशीतही थोडा मेद असतो. सूक्ष्मदर्शकाखाली १०० पैकी ५ पेक्षा जास्त पेशींत मेदाचे थेंब दिसले की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. दारूमुळे असं होतं हे वैद्यकाला फार पूर्वीपासून माहीत होतं. १९८० साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधले विकृतिशास्त्रज्ञ युर्गन लुडविग यांनी २० रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांच्या यकृताचे तुकडे दारुड्या माणसाच्या यकृतासारखे दिसत होते, पण ही माणसं दारू पिणारी नव्हती. बहुतेक लठ्ठ होती, काहींना मधुमेह होता. या आजाराचं नाव पुढे अनेकदा चर्चेत आलं आणि २०२३ मध्ये बदललंही. आता त्याची ओळख दारूच्या अभावावरून न ठरवता चयापचयाच्या बिघाडावरून ठरवतात. भारतात झालेल्या पाहण्यांचा एकत्रित हिशेब २०२२ साली प्रसिद्ध झाला, त्यात प्रौढांमधलं प्रमाण सुमारे ३८ टक्के आलं. त्याआधीच, २०२१ मध्ये, केंद्र सरकारने या आजाराला मधुमेह आणि हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात जागा दिली होती.

हा मेद येतो कुठून? सर्वसाधारण समज असा की तेल-तूप खाल्लं की ते यकृतावर बसतं. मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ मध्ये खूण लावलेले अणू वापरून याचा माग काढला. त्यांनी तपासलेल्या रुग्णांच्या यकृतातल्या मेदापैकी ५९ टक्के मेद शरीरातल्या चरबीच्या साठ्यांतून रक्तात सुटलेल्या मेदाम्लांपासून आला होता, २६ टक्के यकृताने स्वतः साखर-पिष्टापासून बनवला होता, आणि आहारातल्या स्निग्धांशातून थेट आलेला वाटा १५ टक्के होता. फ्रान्समध्ये बदक आणि हंसांचं यकृत मुद्दाम मेदाने भरवतात, तेव्हा त्यांच्या घशात ओततात तो मका. दोन आठवड्यांत त्यांचं यकृत कितीतरी पटींनी फुगतं, आणि तेही पिष्टावर. तूप सोडून गोड चहा, बिस्किटं आणि भाताचा ढीग तसाच ठेवणाऱ्या माणसाने हा मुद्दा ध्यानात घ्यावा.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. पेशीत दिसणारे मेदाचे गोल थेंब स्वतः फारसे विषारी नसतात. २००७ साली उंदरांवर एक प्रयोग झाला. मेदाम्लं बांधून त्यांचे थेंब बनवणारं विकर संशोधकांनी उंदरांच्या यकृतात दाबून टाकलं. थेंब कमी झाले, यकृत दिसायला बरं झालं. पण पेशींची हानी आणि तंतूंची वाढ उलट बळावली. पेशीला खरा त्रास होतो तो मोकळ्या फिरणाऱ्या मेदाम्लांचा, त्यातही पामिटिक आम्लासारख्या संपृक्त मेदाम्लांचा. थेंब बनवून पेशी त्यांना बंदिस्त करत असते. आवक अशीच चालू राहिली की तंतुकणिकांवर झेपेल त्यापेक्षा जास्त मेद जाळण्याचा भार पडतो, त्यांच्यातून ऑक्सिजनची उग्र संयुगं गळू लागतात, प्रथिनं घडवणारी यंत्रणा बिघडते. पेशी फुगते, तिचा आतला सांगाडा विस्कटतो, आणि शेवटी ती मरते. मेलेल्या पेशींमुळे यकृतातल्या कुप्फर पेशी, म्हणजे तिथल्या रखवालदार भक्षक पेशी, खवळतात आणि दाह सुरू होतो. एरवी जीवनसत्त्व अ साठवून शांत बसणाऱ्या तारकाकृती पेशी या गडबडीत रूप पालटतात आणि कोलॅजेनचे तंतू विणू लागतात. हे तंतू वर्षानुवर्षं वाढत गेले की सिरोसिस.

म्हणून केवळ थेंब पुसणं पुरेसं नाही. पेशीकडे येणारी मेदाम्लांची आवक कमी व्हायला हवी, तिची जाळण्याची ताकद वाढायला हवी, आणि आतला कचरा निघायला हवा. व्यायाम या तिन्ही ठिकाणी काम करतो, आणि त्यातलं पहिलं काम तर तो यकृताला हातही न लावता करतो.

ते काम होतं स्नायूंत. जेवणानंतर रक्तात आलेली साखर उचलणाऱ्या सर्वांत मोठ्या जागांपैकी स्नायू एक. यकृतात ग्लायकोजेनच्या रूपात साधारण १०० ग्रॅम साखर मावते, तर अंगभरच्या स्नायूंत मिळून ४०० ग्रॅमच्या आसपास. येल विद्यापीठात जेराल्ड शुलमन यांच्या गटाने या स्नायूंचा आणि यकृताचा संबंध उलगडला. २००७ मध्ये त्यांनी तरुण, सडपातळ, निरोगी दिसणारी माणसं घेतली. त्यातल्या काहींचे स्नायू इन्सुलिनला नीट दाद देत होते, काहींचे देत नव्हते. सगळ्यांना पिष्टमय आहार दिला. ज्यांचे स्नायू हट्टी होते, त्यांच्या स्नायूंत ग्लायकोजेन ६० टक्क्यांनी कमी साठलं, आणि यकृतात नवा मेद बनण्याचं प्रमाण दुपटीहून वर गेलं. पाटाला पाणी सुटलं आणि वरच्या मोठ्या शेताने बांध फोडला नाही, तर ते पाणी खालच्या लहान वाफ्यात जाऊन तुंबतं, तसं हे. यकृताला आलेली साखर नाकारता येत नाही. ते तिचा मेद करून ठेवतं.

याच गटाने २०११ मध्ये पुढचा प्रश्न विचारला: स्नायूंना एकदाच दमवलं तर? अशाच इन्सुलिनला दाद न देणाऱ्या १२ सडपातळ तरुणांना ४५ मिनिटं व्यायाम करायला लावला आणि नंतर तोच पिष्टमय आहार दिला. स्नायूंत साठलेलं ग्लायकोजेन तिपटीहून जास्त वाढलं. यकृतात नवा मेद बनण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी घटलं. एका दिवसाच्या, पाऊण तासाच्या व्यायामाने. याचं कारण असं की आकुंचन पावणारा स्नायू साखर उचलायला इन्सुलिनच्या निरोपाची वाट पाहत नाही. ग्लूट-४ नावाचे साखरेचे वाहक पेशीच्या आतून पृष्ठभागावर येतात ते थेट हालचालीच्या इशाऱ्यावर. इन्सुलिनची वाट बंद झालेल्या माणसातही ही दुसरी वाट उघडी असते. मला या साऱ्या विषयात हीच गोष्ट सर्वांत आशादायक वाटते.

आपल्या लोकांसाठी तिचं मोल आणखी जास्त आहे, आणि ते पुण्यात झालेल्या कामामुळे कळलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोन डॉक्टरांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापं आणि फोटो छापले. उंचीच्या तुलनेत वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. त्याच लेखात दोघांच्या दिनचर्येचाही उल्लेख आहे: युडकिन मॅरेथॉन धावत, तर याज्ञिकांची धाव सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी आत शिरण्यापुरती. पण गोष्ट सवयीपुरती नाही. पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांच्या अभ्यासात याज्ञिकांच्या गटाला असं दिसलं होतं की, आपली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या बाळांच्या मानाने कितीतरी हलकी. पण त्यांचं हलकेपण येतं मुख्यतः कमी स्नायूंतून. कातडीखालची चरबी त्यांच्यात बऱ्यापैकी शाबूत असते. बारीक हातपाय आणि पुढे आलेलं पोट असलेला मध्यमवयीन माणूस आपल्या आजूबाजूला सर्रास दिसतो. त्याचं वजन ‘नॉर्मल’ असतं. त्याला वजन कमी करायला सांगून भागणार नाही, कारण नुसत्या उपाशी राहण्याने त्याचे होते तेवढे स्नायूही झडतील. साखर उचलणारी जागाच त्याच्याकडे आधीपासून लहान आहे. ती कामाला लावणं आणि वाढवणं हाच त्याचा उपाय.

आता यकृताच्या आत काय होतं ते पाहू. चालायला लागल्यावर रक्तातलं इन्सुलिन उतरतं आणि ग्लुकागॉन चढतं. हे दोन्ही स्राव स्वादुपिंडातून निघून पोर्टल शिरेने आधी यकृतातच पोचतात, त्यामुळे हा बदल यकृताला सर्वांत जोरात जाणवतो. ते आपला साखरेचा साठा स्नायूंसाठी सोडू लागतं, नवी साखर घडवू लागतं, आणि त्या कामाची ऊर्जा मेद जाळून मिळवतं. म्हणजे आपण बसलेल्या जागेवरून उठून चालतो तेव्हा यकृतही व्यायामच करत असतं. पेशीतली ऊर्जा खर्ची पडली की एएमपीके नावाचं विकर जागं होतं. ऊर्जेची चणचण ओळखणं हेच त्याचं काम. ते मेद बनवण्याच्या साखळीतल्या पहिल्या विकराला थोपवतं. त्या साखळीत मॅलोनिल-कोए नावाचा एक पदार्थ तयार होत असतो. तो जोवर भरपूर असतो, तोवर मेदाम्लांना तंतुकणिकांत शिरण्याची परवानगी नसते. तो कमी झाला की मेदाम्लं आत जाऊन जळू लागतात. मेद बनवणं थांबतं आणि जाळणं सुरू होतं, ते एकाच इशाऱ्यावर.

हे झालं त्या तासापुरतं. रोजच्या व्यायामाने काय होतं ते माणसाच्या यकृतात वारंवार सुई घालून पाहता येत नाही, म्हणून उंदरांकडे जावं लागतं. मिसुरी विद्यापीठातल्या संशोधकांनी जन्मतः भूक न शमणाऱ्या उंदरांची एक जात वापरली. पोट भरल्याचा निरोप त्यांच्या मेंदूला नीट मिळत नाही, त्यामुळे ते खात राहतात, लठ्ठ होतात, आणि त्यांचं यकृत मेदाने भरतं. पण पिंजऱ्यात पळण्याचं चाक ठेवलेले उंदीर आपणहून रोज पळत, आणि त्यांचं यकृत वाचलं. त्यांच्या यकृतात तंतुकणिकांची क्षमता वाढली आणि मेदाम्लं पूर्णपणे जळू लागली. ‘पूर्णपणे’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. अर्धवट जळालेल्या मेदाचे अवशेषही पेशीला छळतात. मग २००८ च्या प्रयोगात त्यांनी ते चाक अडकवून ठेवलं. आठवड्याभरातच मेद बनवणारी विकरं पुन्हा वर चढू लागली. व्यायामाने पेशीला कायमचं कवच मिळत नाही. ते रोज थोडं थोडं मिळतं आणि बंद केलं की उतरू लागतं.

याच विद्यापीठाशी जोडलेल्या दुसऱ्या एका कामात, पिढ्यानपिढ्या कमी दमाचे आणि जास्त दमाचे असे निवडून वाढवलेले उंदीर तपासले गेले. कमी दमाच्या उंदरांच्या यकृतात तंतुकणिकाच कमी होत्या आणि यकृत मेदाळ होण्याकडे त्यांचा कल होता. अंगातला दम आणि यकृतातल्या पेशीची तब्येत इतकी जवळ बांधलेली असेल, असं फारसं कोणाच्या मनात येत नाही.

तिसरं काम कचरा काढण्याचं. पेशी आपले निकामी झालेले भाग एका पिशवीत गुंडाळून पचवून टाकते आणि त्यातून उपयोगी माल परत मिळवते. या स्वभक्षणाच्या यंत्रणेचा उलगडा केल्याबद्दल जपानच्या योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चं नोबेल पारितोषिक मिळालं. न्यूयॉर्कच्या आल्बर्ट आइन्स्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात रजत सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की यकृतपेशी मेदाचे थेंबही याच मार्गाने फोडते, आणि ही यंत्रणा मंदावली की थेंब साठत जातात. २०१२ मध्ये बेथ लेव्हिन यांच्या गटाने उंदरांना पळवून पाहिलं, तेव्हा स्वभक्षण स्नायूंत तर वाढलंच, यकृतातही वाढलं. जनुकात बदल करून ज्या उंदरांची व्यायामाने स्वभक्षण वाढवण्याची क्षमता काढून घेतली होती, त्यांना चरबीयुक्त आहारावर असताना व्यायामाचा जो फायदा साखरेच्या बाबतीत मिळायला हवा होता, तो मिळालाच नाही. निकामी तंतुकणिका बाहेर काढल्याशिवाय पेशीचं रहाटगाडगं सुरळीत होत नाही, असाच याचा अर्थ.

माणसांवरच्या चाचण्या काय सांगतात? सिडनीमध्ये नेथन जॉन्सन आणि सहकाऱ्यांनी २००९ साली लठ्ठ, बैठ्या माणसांना ४ आठवडे सायकल चालवायला दिली. वजन हललं नाही. यकृतातला मेद २१ टक्क्यांनी कमी झाला. इंग्लंडमध्ये न्यूकॅसलला केट हॉल्सवर्थ यांच्या गटाने २०११ मध्ये पळणं-चालणं बाजूला ठेवून फक्त वजनं उचलण्याचा व्यायाम दिला, ८ आठवडे, आठवड्यातून तीनदा. इथेही वजन तेवढंच, आणि यकृतातला मेद १३ टक्क्यांनी कमी. गुडघे दुखतात म्हणून चालता येत नाही, अशी अडचण असलेल्या माणसाला या दुसऱ्या प्रयोगात मोठा दिलासा आहे.

मात्र चित्राची दुसरी बाजूही सांगायला हवी. चीनमधल्या शियामेन शहरात २२० लोकांवर वर्षभर चाललेली चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने पहिले ६ महिने धावण्याचा जोरकस व्यायाम केला, दुसऱ्याने आठवड्याला १५० मिनिटं झपझप चालण्याचा. यकृतातला मेद दोन्ही गटांत जवळपास सारखाच घटला. म्हणजे धावायलाच हवं असं नाही, झपझप चालणं पुरतं. ही फार चांगली बातमी. पण याच चाचणीत, घटलेल्या वजनाचा हिशेब वेगळा काढल्यावर व्यायामाचा स्वतंत्र परिणाम जवळपास उरला नाही. दीर्घ काळात व्यायामाचा बराचसा लाभ वजन आणि पोटातली चरबी उतरण्यातून येतो, असं यावरून दिसतं. माझ्या मते दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. सुरुवातीच्या आठवड्यांत यकृत सावरतं ते वजनाची वाट न पाहता. पुढे वजन उतरलं तर सुधारणा खोल जाते. पहिल्या टप्प्यात धीर सोडला नाही, तरच दुसरा टप्पा येतो.

किती व्यायाम लागतो, याचा सर्वांत उपयोगी हिशेब पेन स्टेट विद्यापीठाचे जोनाथन स्टाइन आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये मांडला. १४ चाचण्या, ५५१ माणसं. यकृतातला मेद मूळच्या ३० टक्क्यांनी घटला, तर पेशींचा दाहही कमी होण्याची शक्यता चांगली असते, म्हणून त्यांनी तो टप्पा धरला. आठवड्याला साधारण १५० मिनिटं झपझप चालण्याएवढा व्यायाम करणाऱ्यांपैकी ३९ टक्के लोकांनी तो गाठला. त्याहून कमी करणाऱ्यांत २६ टक्के. कमी करणाऱ्यांतही चौघांत एकाला लाभ झाला, हे वाचताना डोळ्यांआड करू नये.

आता मर्यादा. दाह आणि तंतू झालेल्या यकृताला नुसत्या व्यायामावर सोडता येत नाही. क्युबामध्ये २९३ रुग्णांनी वर्षभर आहार आणि व्यायाम दोन्ही पाळले आणि शेवटी पुन्हा यकृताचा तुकडा तपासला गेला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या कामात, १० टक्के किंवा जास्त वजन उतरवलेल्यांपैकी ९० टक्के लोकांचा दाह पूर्ण मिटला आणि ४५ टक्क्यांचे तंतू मागे हटले. मेलेल्या पेशींच्या जागी विणलेले तंतूही विरघळू शकतात, ही गोष्ट एके काळी डॉक्टरांनाही पटली नसती. पण एवढं वजन उतरवणं दहांत एकालाच जमलं होतं. तंतू बऱ्यापैकी वाढलेल्या रुग्णांसाठी अमेरिकेत मार्च २०२४ मध्ये रेस्मेटिरोम या औषधाला मान्यता मिळाली, तीही आहार आणि व्यायामाच्या जोडीने घ्यायचं म्हणून. आणि दारू चालू ठेवून व्यायामाने यकृत वाचेल, असं कोणी समजू नये.

ज्यांना सिरोसिस आहे, विशेषतः अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या आहेत, त्यांनी जड वजनं उचलण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना विचारावंच. श्वास कोंडून जोर लावल्याने पोटातल्या शिरांवरचा दाब वाढतो. हृदयाचा त्रास किंवा मधुमेहाची इन्सुलिनची इंजेक्शनं असणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावं.

रिपोर्ट वाचण्याबद्दल एक सूचना. एसजीपीटी आणि एसजीओटी ही विकरं यकृताखेरीज स्नायूंतही असतात, एसजीओटी तर भरपूर. व्यायामाची सवय नसलेल्या १५ निरोगी पुरुषांनी तासभर वजनं उचलली, तेव्हा त्यांचे हे आकडे वाढले आणि आठवडाभर वाढलेलेच राहिले, असं २००८ च्या एका अभ्यासात दिसलं. नवीनच जिमला जाऊ लागलेला तरुण रक्त तपासतो, आकडे वर गेलेले पाहतो आणि व्यायामाने यकृत बिघडलं समजून जिम सोडतो, असं होऊ नये. रक्त देण्यापूर्वी आठवडाभर जड व्यायाम थांबवावा आणि डॉक्टरांना तसं सांगावं.

रोजच्या आयुष्यात हे बसवायचं कसं? चालताना दोन वाक्यं बोलता येतात पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग म्हणजे झपझप चालणं. एका दिवसाच्या व्यायामाने स्नायू इन्सुलिनला जी दाद देऊ लागतात, ती साधारण एक-दोन दिवस टिकते. म्हणून रविवारी एकदम तीन तास टेकडी चढण्यापेक्षा आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास जास्त कामाचा. जेवणानंतरच्या शतपावलीची आपली सवय उत्तम आहे, कारण रक्तात साखर चढत असताना नेमके त्याच वेळी पाय कामाला लागतात. ती अंगणातल्या दोन फेऱ्यांवर न संपवता पंधरा-वीस मिनिटांपर्यंत न्यावी. आठवड्यातून दोन-तीन दिवस स्नायूंना भार द्यावा: बैठका, भिंतीला टेकून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणं, दम लागेल असे सूर्यनमस्कार. घरातल्या बायकांना ‘दिवसभर कामच तर करतो’ असं वाटतं. पण ओट्याजवळ उभं राहून होणारं काम थकवतं खूप आणि दम मात्र लावत नाही. त्यांच्यासाठी अर्धा तास मोकळा करून देणं ही घरातल्या बाकीच्यांची जबाबदारी आहे.

ज्याच्या सोनोग्राफीच्या रिपोर्टवर फॅटी लिव्हर लिहून आलं आहे, त्याने यकृतातल्या तंतूंचा अंदाज देणाऱ्या फायब्रोस्कॅनसारख्या तपासणीची गरज आहे का हे डॉक्टरांना विचारावं आणि त्याच दिवशी संध्याकाळी चालायला सुरुवात करावी. पहिले तीन महिने वजनकाट्याकडे फार पाहू नका. कमरेचं माप घ्या, तोच जिना चढताना लागणारा दम पाहा, आणि काहीही झालं तरी सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका.